चालीची वही



अभंग गाथ्यात छापलेले आहेत, ते कुठं जात नाहीत. पण चाली? त्या ज्यांच्या गळ्यात होत्या ती माणसं एकेक करून वैकुंठवासी होताहेत. धृपद सगळ्यांना येतं. चरण उचलायची वेळ आली की टाळकरी एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. म्हणून शंभराव्या वर्षी आम्ही चाली लिहून काढायला घेतल्या आहेत.

हे दुखणं एकट्या आपलंच नाही. इंग्लंड-आयर्लंडकडं नाचाच्या जुन्या सुरावटी अशाच ऐकून शिकतात. तिथले ख्रिस वॉलशॉ यांनी १९८० च्या दशकात, तिकडची स्वरलिपी शिकण्याआधीच, सुरावटी साध्या अक्षरांत टिपायला सुरुवात केली. ए ते जी ही सात अक्षरं म्हणजे सात स्वर. मोठं अक्षर खालच्या सप्तकाचं, लहान अक्षर त्याच्या वरच्या. अक्षरापुढं दोनचा आकडा म्हणजे स्वर दुप्पट लांब. १९९३ पर्यंत त्यांनी संगणकाचा प्रोग्राम तयार केला. ही अक्षरं त्याला दिली की पाच रेघांवरची छापायची स्वरलिपी निघते. या पद्धतीला एबीसी म्हणतात.

त्यातली एक गोष्ट आम्हाला फार पटली. सुरावटीच्या डोक्यावर क्रमांक, नाव, ताल, पट्टी लिहितात. आणि ती कुणाकडून मिळाली हे लिहायलाही एक ओळ राखलेली आहे. आपल्याकडं तरी दुसरं काय? चाल बुवांच्या नावानंच ओळखायची. एकाच अभंगाच्या दोन गावच्या दोन चाली असतील तर दोन्ही लिहायच्या, नावानिशी. खरी कुठली, हा वाद वहीत आणायचा नाही.

स्वर घोळवायचा तिथं ते एक नागमोडी खूण करतात. कसा घोळवायचा, ते कागद सांगत नाही. ज्यानं ऐकलंय त्यालाच ते कळतं.

पाच रेघा आपल्याला नकोत. भातखंड्यांनी चिजा सा-रे-ग-म मध्येच लिहून छापल्या, तेच आपल्याला सोयीचं. त्यांच्यात कोमल स्वराखाली रेघ असते. मोबाइलवर ती जमत नाही, म्हणून आम्ही पुढं ‘को’ लिहितो. पट्टी लिहीत नाही. वीणा जिथं लागली तिथं सा.

काही ज्येष्ठांचं म्हणणं, कागद आला की पोरं विणेकऱ्याकडं बघायची नाहीत. ते खोटं नाही. म्हणून ठरलंय, चालत्या दिंडीत वही उघडायची नाही आणि मोबाइलही नाही. वही गावात, शिकताना.

येत्या एकादशीपासून जागर झाला की देवळात पेटी घेऊन बसू. आधी गवळणी घेऊ. त्यांच्या चाली येणारी माणसं आता फार थोडी राहिलीत. आयाबायांना जात्यावरच्या, काकड्याच्या चाली येतात, त्यांनीही मागं बसू नये. ज्यांना घराबाहेर पडवत नाही त्यांनी नुसता निरोप धाडावा, आम्ही घरी येऊ.