आजारपणांतील विवाहव्रत

(महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं आजाराची गोष्ट काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु आम्हां उभयतांचें लग्न ह्याच वेदीपुढें लागलें, आणि आरोग्याप्रमाणें आजारांतहि एकमेकांस अंतर देणार नाहीं, असें वचन आम्हीं येथेंच दिलें. ज्या देवळाचा आज आपण उत्सव करीत आहों, त्यांत दिलेल्या वचनाच्या उत्तरार्धाविषयीं चार शब्द बोलणें अस्थानीं होणार नाहीं. हें भाषण आम्हीं दोघांनीं मिळून लिहिलें आहे. वाचणारा मात्र एक आहे.

तीन वर्षांपूर्वीं आमच्या घरांत कर्करोगानें प्रवेश केला. स्तनांतील गांठीपासून आरंभ झाला, व तपास होईपर्यंत रोग हाडांत पोंचला होता. अशा अवस्थेंतील रोग समूळ नाहींसा होणें फार कठीण. औषधांनीं तो आवरून धरतां येतो, कोणास महिने, कोणास वर्षें, असें डॉक्टरांनीं सांगितलें. रोग एकाच्या शरीरांत शिरला, परंतु वास्तव्य दोघांच्या संसारांत करूं लागला. म्हणून ह्या भाषणांत 'आम्ही' हाच शब्द वारंवार येईल.

आमच्या समाजांत रोग्यापासून रोगाचें नांव लपविण्याची चाल अजून पुष्कळ घरीं आहे. नातलग ओटीवर कुजबुजतात. रोगी आंत पडून सर्व ओळखतो, आणि इतरांस दुःख नको म्हणून कांहींच न कळल्याचें सोंग करतो. हेतु मायेचा खरा. परंतु त्यामुळें आयुष्यभर एकत्र राहिलेलीं दोन माणसें ऐन संकटांत एकमेकांस पारखीं होतात. आम्हीं पहिल्या दिवसापासून असा नेम केला कीं, डॉक्टरांपुढें दोघांनीं बसावें, ऐकलेलें टिपून ठेवावें, व घरीं आल्यावर दोघांनीं मिळून वाचावें. मुलांसहि त्यांच्या वयास झेपेल अशा शब्दांत तीन गोष्टी सांगितल्या: आजाराचें नांव काय, तो कोणाच्या अपराधानें झालेला नाहीं व शिवल्यानें लागत नाहीं, आणि आई रुग्णालयांत असेल त्या दिवशीं जेवूं कोण घालील. तिसऱ्या गोष्टीनें त्यांस सर्वांत अधिक धीर आला.

ह्या कामीं एका पवित्र दांपत्याचें चरित्र आम्हांस फार उपयोगीं पडलें. बाल येशूच्या संत तेरेजेचे मातापिता, लुई व झेली मार्टिन, फ्रान्सांतील आलांसों शहरीं राहत. लुई घड्याळजी, झेली लेसचा धंदा चालवी. १८७० सालीं लुईनें आपलें दुकान भाच्यास विकून पत्नीच्या धंद्यास हातभार लावला. १८७६ च्या डिसेंबरांत झेलीस डॉक्टरांच्या तोंडून आपल्या स्तनांतील गांठीचें गांभीर्य कळलें. घरीं येऊन तिनें तें कोणापासून लपविलें नाहीं. लुईस दुःख अनावर झालें; मासे धरण्याचा आवडता छंदहि त्यानें टाकून दिला. संतांनाहि असा धक्का बसतो, हें वाचून आम्हांस आपल्या अश्रूंची लाज वाटेनाशी झाली. १८७७ च्या जूनमध्यें झेली थोरल्या तीन मुलींसह लुर्दच्या यात्रेस गेली. ती बरी झाली नाहीं. २८ ऑगस्ट १८७७ रोजीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, तिनें देह ठेवला. तेरेजा तेव्हां चार वर्षांची होती. पुढें लुईनें पांचहि मुलींस घेऊन लिझ्यू येथें, झेलीच्या भावाच्या कुटुंबाजवळ, बिऱ्हाड केलें. १८ ऑक्टोबर २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं ह्या पतिपत्नीस एकाच वेळीं संतपद दिलें. मागितलेला चमत्कार घडला नाहीं, म्हणून त्यांची श्रद्धा उणी ठरली नाहीं.

आतां रोजच्या व्यवहाराकडे वळूं. दर तीन आठवड्यांनीं शिरेंतून औषध घेण्यासाठीं पहाटेची गाडी गांठून मुंबईस जाणें, हें ह्या धर्मग्रामांतील कित्येक घरांस परिचयाचें आहे. केस गळतात, तोंड येतें, अन्नाचा वासहि नकोसा होतो. अशा वेळीं आग्रह न करतां पेज किंवा मऊ भात थोडा थोडा, पुष्कळ वेळां द्यावा. औषधानंतर एकदोन आठवड्यांनीं रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात. त्या सुमारास १००.४ अंशांवर ताप गेला, तर सकाळची वाट न पाहतां रात्रींच रुग्णालय गांठावें.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, आजाऱ्याचा संसारांतील अधिकार काढून घेऊं नये. घरचा हिशेब, मुलांचा अभ्यास, नाताळास काय करावयाचें ह्याचा निर्णय, हीं कामें आमच्या घरीं अजून तिच्याकडेच आहेत. आमटींत मीठ कमी पडल्याची तक्रारहि तीच करते, आणि नव्यानें स्वयंपाक शिकणारा ती निमूटपणें ऐकून घेतो.

वेदनेविषयीं भाविक माणसांत एक गैरसमज आढळतो. आपल्या वेदना देवास अर्पण करणें पुण्यकारक आहे. परंतु दुसऱ्याच्या वेदना आपण त्याच्या वतीनें अर्पण करूं शकत नाहीं. वेदना शमविणारीं औषधें घेण्यास ख्रिस्ती मनुष्यास मोकळीक आहे, असें पोप बारावे पायस ह्यांनीं २४ फेब्रुवारी १९५७ रोजीं डॉक्टरांपुढें स्पष्ट केलें. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हें चांगलें औषध आहे. तें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं घड्याळाप्रमाणें घ्यावें. अशा रीतीनें घेतल्यास व्यसन लागण्याची भीति फारशी नसते. त्यानें मलावरोध होतो, त्यावरील औषध पहिल्या दिवशींच मागून घ्यावें. वांद्र्यास डॉ. लुईस द सोझा ह्यांनीं १९८६ सालीं स्थापिलेलें शांति अवेदना सदन अशाच रोग्यांची विनामूल्य सेवा करतें. भारतांतील अशा प्रकारचें तें पहिलें सदन होय. उपचारांचा भार लाभाहून अधिक झाला, तर ते थांबविण्यास ख्रिस्तसभेची आडकाठी नाहीं. शुश्रूषा व वेदनाशमन मात्र शेवटपर्यंत चाललें पाहिजे. ती वेळ आली तर काय करावयाचें, हें आम्हीं आजच, मन शांत असतां, बोलून ठेविलें आहे.

पवित्र तैलाभ्यंगाविषयींहि असेंच. पूर्वीं त्यास शेवटलें अभ्यंग म्हणत. त्यामुळें धर्मगुरु दारांत आले कीं घरांत रडारड होई. हा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठीं नाहीं, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं सांगितलें. आम्हीं तो औषधोपचाराच्या आरंभींच मागून घेतला, आणि त्या दिवशीं घरांत कोणी रडलें नाहीं.

शेवटीं धर्मग्रामाकडे एक मागणें आहे. 'कांहीं लागलें तर सांगा,' असें सर्वच प्रेमानें म्हणतात. परंतु मागावयास जीभ रेटत नाहीं. त्यापेक्षां 'मंगळवारचा डबा आमचा', 'मुलांस शाळेंतून आम्ही आणूं', 'रात्रीं दोन तास आम्ही बसतों, तुम्ही निजा,' असें म्हणा. अमक्याचा कर्करोग अमुक पाल्यानें बरा झाला, ही वार्ता घेऊन मात्र येऊं नका. आणि आजाऱ्याजवळ बसाल तेव्हां पिकाविषयीं, पावसाविषयीं, लग्नकार्यांविषयीं बोला. आजाराचें बोलणें आम्ही दिवसभर करीतच असतों.

पुढल्या महोत्सवास आम्हां दोघांपैकीं कोण असेल, हें परमेश्वरास ठाऊक. आजचा उत्सव मात्र त्यानें आम्हांस एका बाकावर बसून पाहूं दिला, ह्याबद्दल आम्ही त्याचे उपकार मानतों. आणि ह्या वेदीपुढें वचन दिलेल्या सर्व दांपत्यांस तें पाळण्याचें बळ तो देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.