रुग्णालयाचा हिशेब कोणाच्या वहीत?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आरोग्य हा हक्क आहे, मग खर्चाची चर्चा आपण का करावी, असे आपल्यातील काही जणांना वाटते. ती भांडवलदारांची भाषा, असेही म्हटले जाते. मला हे मान्य नाही. जो हिशेब आपण वाचत नाही, तो दुसरा कोणी तरी आपल्याविरुद्ध वाचून दाखवतो.

जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा, एका बाळंतपणाचा खरा खर्च किती? उत्तर मिळणार नाही, आणि यात तिथल्या कारकुनाचा दोष नाही. सरकारी हिशेब लेखाशीर्षांप्रमाणे ठेवले जातात: वेतन, औषधे, आहार, वीज. मंजूर रक्कम मार्चअखेर खर्ची पडली की नाही, एवढेच त्यांतून कळते. ती कोणत्या विभागावर, कोणत्या उपचारावर पडली, हे कळत नाही. इमारतीचा व यंत्रांचा घसारा तर धरलाच जात नाही. वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापक सकाळी रुग्ण तपासतो, दुपारी वर्ग घेतो. त्याच्या वेतनाचा कितवा हिस्सा उपचाराचा, हे अंदाजानेच ठरते.

अशा कच्च्या आकड्यांना रुग्णसंख्येने भागून 'दर रुग्णामागे खर्च' काढला की अनर्थ होतो. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचा वार्षिक खर्च दोन कोटी रुपये आहे, असे धरून चालू. सर्व खाटा वर्षभर भरलेल्या असतील, तर एका खाटेचा एका दिवसाचा खर्च सुमारे १,८०० रुपये पडतो. भूलतज्ज्ञाची जागा रिकामी, म्हणून शस्त्रक्रिया बंद, म्हणून निम्म्या खाटा ओस: तोच खर्च ३,६०० च्या पुढे जातो. मग कोणी तज्ज्ञ सांगतो, सरकारी रुग्णालय महाग पडते, ते खासगी संस्थेस चालवायला द्या. याच्या उलटही घडते. परिचारिकांची पदे भरली नाहीत, औषधे रुग्णाने बाहेरच्या दुकानातून आणली, की रुग्णालय कागदावर काटकसरी दिसते. रुग्णाच्या खिशातून गेलेला पैसा त्या वहीत येतच नाही!

खासगी रुग्णालयांची गोष्ट निराळी. तिथे हिशेब चोख असतो, पण बंद कपाटात. २०१८ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवरील नफा १,७०० टक्क्यांहून अधिक निघाला. मे २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, महाराष्ट्र शासनाने खासगी रुग्णालयांचे दर बांधून दिले: साध्या कक्षात दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागात ७,५००, कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० रुपये. हे परवडत नाही, अशी ओरड लगेच झाली. परवडत नाही म्हणजे नेमके किती, हे ताडून पाहण्याजोगा हिशेब जनतेसमोर नव्हता.

वास्तविक कायदा आहे. कंपनी कायद्याखालील २०१४ च्या नियमांनुसार ठरावीक उलाढालीवरील रुग्णालय-कंपन्यांना परिव्ययाच्या नोंदी, म्हणजे सेवेमागील प्रत्यक्ष खर्चाच्या नोंदी, ठेवाव्या लागतात. मोठ्यांना त्यांची तपासणीही करून घ्यावी लागते. तो अहवाल केंद्र सरकारकडे जातो, रुग्णाकडे नाही. शिवाय हे बंधन कंपन्यांना. विश्वस्त संस्थांची रुग्णालये, आणि आपल्या शहरांतील कितीतरी मोठी रुग्णालये तशीच आहेत, त्यातून सुटतात.

खर्च मोजता येत नाही, ही सबब खरी नाही. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या संशोधकांनी अनेक राज्यांतील रुग्णालयांत जाऊन तो मोजला. आयुष्मान भारत योजनेचे दर सुधारताना त्या आकड्यांचा उपयोगही झाला. पण अशी पाहणी अधूनमधून होते, आणि दर मात्र रोज लागू असतात. म्हणून परिव्ययाच्या नोंदी सर्व मोठ्या रुग्णालयांना, विश्वस्त संस्थांसह, बंधनकारक कराव्यात व त्यांचा गोषवारा प्रसिद्ध व्हावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. आणि सरकारी रुग्णालयाच्या खर्चाचा आकडा कोणी पुढे केला, तर रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत आपल्या कार्यकर्त्याने त्याच्या शेजारी आणखी दोन आकडे मागावेत: रिक्त पदे किती, आणि बाहेरून आणायला सांगितलेल्या औषधांची रक्कम किती.