परक्याच्या ताटातला घास

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून देत आहे.)



समितीनं मला सांगितलं, "बाई, तुम्ही परदेशात जाऊन आलात, त्याबद्दल बोला. पण भूगोलाचा तास घेऊ नका, आणि जेवणाच्या आधी संपवा." आता मागच्या बाजूला भजी तळायला सुरुवात झाली आहे, वास इथपर्यंत येतोय. अशा वेळी जेवणाशिवाय दुसऱ्या कशावर बोललं तर तुम्ही ऐकणार नाही. म्हणून मी परदेशातल्या जेवणावरच बोलते.

परदेशातून कुणी परत आलं की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला असतो: "खाण्यापिण्याचे हाल झाले असतील ना?" काय खाल्लं, कुणाबरोबर खाल्लं, हे नंतर. आधी हाल. आमचा पहिला परदेश प्रवास युरोपचा, एका ग्रुपबरोबर झाला. बॅगेत भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. शिवाय रोज संध्याकाळी गरम वरणभात. ज्यांचं वय झालंय, पथ्यपाणी आहे, त्यांच्यासाठी ही सोय फार मोठी आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण १२ दिवसांत तिथल्या एकाही माणसाशी मी चार वाक्यं बोलले नाही. बोलायला कारणच पडलं नाही. डोंगर बघितले, पूल बघितले, फोटो काढले. माणसं तेवढी राहून गेली.

दुसरा प्रवास २०१९ च्या मार्चमधला, इथिओपियाचा. आमचे जावई तिथं विद्यापीठात शिकवायला होते. भारतातले शिक्षक आणि प्राध्यापक त्या देशात कित्येक वर्षांपासून जातात. लेकीनं बोलावलं, आम्ही निघालो. तेव्हा गल्लीत आणि नातेवाइकांत एकच वाक्य ऐकलं: "इथिओपिया? तो दुष्काळाचा देश ना? तिथं खायला काय मिळणार?"

मला राग आला नाही, हसू आलं. कारण हेच वाक्य मी आयुष्यभर आपल्या गावाबद्दल ऐकत आले. पुण्याला ट्रेनिंगला गेलं आणि म्हसवड, तालुका माण असं सांगितलं की समोरची बाई लगेच म्हणायची, "अगंबाई, दुष्काळी भाग! पाणी असतं का हो?" आपला सिद्धनाथ, आपला रथ, आपली घोंगडी, आपलं माळावरचं मटण, हुरडा, यातलं काही तिला माहीत नसायचं. १९७२ माहीत, टँकर माहीत, छावणी माहीत. तसंच इथिओपियाचं. १९८४ च्या दुष्काळाचे फोटो जगभर गेले आणि जगानं तो देश तेवढाच लक्षात ठेवला.

मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान आहे. म्हसवडहून मुंबईला एसटीनं जायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा कमी वेळात ते पोचवतं. तिथून पुढं बहर दार. टाना सरोवराच्या काठचं गाव, निळी नाईल तिथून निघते. ३० वर्षं फळ्यावर खडूनं काढलेली नदी मी तिथं काठावर उभं राहून बघितली. (भूगोल इथंच संपला, काळजी नको.) रस्त्यावर निळ्या-पांढऱ्या रिक्षा. त्यांना तिथं रिक्षा म्हणत नाहीत, "बजाज" म्हणतात. आकुर्डीचं नाव इतक्या लांब ऐकून आमचे हे इतके खूश झाले की पहिल्याच दिवशी दोनदा उगाच रिक्षातून फिरून आले.

आता यांची अडचण तुम्हाला ठाऊक आहे. हे माळकरी. अंडंसुद्धा चालत नाही. यांनी घरातून १० किलोचं सामान बांधलं होतं. पण आम्ही पोचलो तेव्हा तिथं ख्रिस्ती लोकांचा मोठा उपवास सुरू झाला होता. ईस्टरच्या आधीचा, ५५ दिवसांचा. या दिवसांत मांस नाही, अंडी नाहीत, दूध-तूपसुद्धा नाही. एरवीही वर्षभर बुधवार आणि शुक्रवार त्यांचा हाच नेम असतो. त्यामुळं ज्या देशात यांना उपाशी राहावं लागेल अशी भीती होती, तिथं निम्मं गाव यांच्यापेक्षा कडक शाकाहारी निघालं!

लेकीच्या घरमालकीणबाई साधारण माझ्याच वयाच्या. त्यांना सगळे "एमामा" म्हणत, म्हणजे आपल्याकडं म्हाताऱ्या बाईला आई म्हणावं तसं. यांना त्या "अबाबा" म्हणायच्या. पहिल्याच रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं. वेळ दुपारी ३ नंतरची, कारण उपवासात त्या तोवर काही खात नसत. आल्या आल्या एका मुलीनं तांब्या आणि घमेलं आणून आमच्या हातावर पाणी घातलं. मग मधोमध विणलेल्या टोपलीवर एकच मोठं ताट आलं. सगळ्यांना मिळून एकच.

ताटभर पसरलेला इंजेरा. टेफ नावाचं धान्य असतं, राजगिऱ्यापेक्षाही बारीक. त्याचं पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवतात आणि मोठ्या मातीच्या तव्यावर एका बाजूनं भाजतात. आपल्या आंबोळीची मोठी बहीण म्हणा, पण जाळीदार आणि चांगलीच आंबट. त्यावर ठिकठिकाणी मसुरीची तिखट आमटी, पिवळ्या डाळीचं फिकं वरण, परतलेली पालेभाजी. आणि मधे एक तांबूस, दाटसर, रटरटतं काहीतरी. मी चाखलं आणि लेकीकडं बघितलं. "अगं, हे तर पिठलं!" त्याला तिथं "शिरो" म्हणतात. हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण आणि बेरबेरे नावाचा त्यांचा तिखट मसाला. चार हजार किलोमीटरच्या आत-बाहेर जाऊन मी पिठलं खात होते.

मग ती गोष्ट झाली, जी मी आज सांगायला उभी आहे. एमामांनी इंजेराचा तुकडा तोडला, त्यात शिरो गुंडाळला आणि तो घास थेट यांच्या तोंडापुढं धरला. या रीतीला "गुरशा" म्हणतात. आलेल्या माणसाला आपल्या हातानं घास भरवायचा, आणि एकावर थांबायचं नाही. आता आमच्या सासूबाई किती सोवळ्याच्या होत्या ते जुन्या सभासदांना आठवत असेल. त्यांच्या चुलीपाशी मला न्हाऊन जावं लागे. त्यांचा हा मुलगा, वय ७०. समोर परक्या देशातली, परक्या धर्माची, तासाभरापूर्वी ओळख झालेली बाई. मी श्वास रोखून धरला. यांनी माझ्याकडं बघितलं नाही. गळ्यातल्या माळेला हात लावला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

नंतर मी विचारलं, काय वाटलं? हे म्हणाले, "आई गेल्यापासून मला कुणी घास भरवला नव्हता."

त्यानंतर सहा आठवडे त्या घराचं दार आम्हाला उघडंच होतं. तिथली कॉफी तुम्हाला सांगितलीच पाहिजे. कॉफीचं झाड मूळचं त्या देशातलं. दंतकथा अशी की एका शेळ्या राखणाऱ्या पोरानं बघितलं, कसलीतरी लाल फळं खाऊन शेळ्या उड्या मारतायत, आणि तिथून माणसाला कॉफी कळली. आपल्या माणदेशी धनगरांना ही गोष्ट आवडावी! कॉफी करताना हिरव्या बिया तुमच्यासमोर भाजतात, कुटतात, मातीच्या सुरईसारख्या भांड्यात उकळतात. एकच कप घेऊन उठायचं नाही, तीन फेऱ्या घ्यायच्या. शेजारीपाजारी येऊन बसतात, लाह्या खातात, गावच्या बातम्या होतात. सगळ्याला तास-दीड तास जातो. आपण "चहा टाकते" म्हणतो आणि एक डोळा टीव्हीवर ठेवतो, तसं नाही.

एकदा एकादशी आली. यांनी एमामांना समजावलं: आज आम्ही धान्य खात नाही, दूध चालतं. एमामा म्हणाल्या, आम्हाला धान्य चालतं, दूध चालत नाही. मग दोघांनी मिळून हिशेब केला की दोघांनाही काय चालेल. उकडलेला बटाटा, केळं आणि बिनदुधाची कॉफी निघाली. तेवढ्यावर अख्खी दुपार रंगली.

निघण्याआधी मी त्यांना जेवायला बोलावलं. ज्वारी तिथंही पिकते, तिचाही इंजेरा करतात. पीठ सहज मिळालं. मी भाकरी थापायला बसले तर दारात आठ-दहा बाया आणि पोरं जमली. भाकरी टम्म फुगली की पोरं टाळ्या वाजवायची. एमामांना पिठलं वाढलं. त्यांनी चाखलं आणि ओरडल्या, "शिरो!" मग मी त्यांना घास भरवला. एक नाही, तीन.

मंडळी, त्या रात्री मी आपल्या ताटाचा विचार करत बसले. ज्वारी, जिला आपण माणदेशाची आई समजतो, ती मुळात आफ्रिकेची. सुदान-इथिओपियाच्या पट्ट्यातून हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडं आली. खर्ड्यातली मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी आणलेली. शेंगदाणा, मका, बटाटा, टोमॅटो, सगळे तिकडचेच. उपवासाला आपण डोळे मिटून खातो तो साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तोही दक्षिण अमेरिकेचा. आणि १९७२ मध्ये आपण काय खाल्लं? परदेशातून आलेली तांबडी मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी. नाक मुरडलं, पण जगलो. परक्यानं पिकवलेल्या घासावर आपण आधीच वाढलो आहोत.

आपली माणसंही परक्यांच्या दारात जाऊनच उभी राहिली. आटपाडी, विटा, खानापूर आणि आपल्या माण-खटावची पोरं गलाईच्या धंद्यासाठी देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यात गेली. इथं बसलेल्यांपैकी कितीतरी घरांतली गेली. भाषा येत नव्हती, खोली नव्हती. पहिल्या दिवसांत त्यांना कुणीतरी इडली दिली, कुणीतरी भात-मासा दिला. त्यांनी तो खाल्ला म्हणून तिथं टिकली.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये एमामांच्या प्रांतात लढाई पेटली. कित्येक महिने तिथलं इंटरनेट बंद होतं. टीव्हीवर त्या देशाची बातमी दोन ओळींची असायची. पण हे रोज संध्याकाळी हरिपाठ झाला की विचारायचे, "काही कळलं का?" युरोपातल्या एकाही गावाबद्दल यांनी असं विचारलेलं मला आठवत नाही. पुढच्या वर्षी लेकीच्या फोनवर निरोप आला, सगळे बरे आहेत. त्या दिवशी आमच्या घरी पिठलं झालं.

आता थोडं आपल्या घरचं बोलते. सोसायटीला २५ वर्षं झाली. सुरुवातीला इथं माळ होता, बाभळी होत्या आणि आठवड्यातून एकदा टँकर. आपण सगळे वेगवेगळ्या गावांचे, जातींचे, नोकऱ्यांचे. टँकरच्या रांगेत ओळखी झाल्या, मग वाट्या एकमेकांच्या घरी जाऊ लागल्या. आता बऱ्याच जणांनी वरचा मजला चढवला आहे, खोल्या भाड्यानं देतो. पण खोली बघायला कुणी आलं की आपण नाव विचारायच्या आधी विचारतो, "तुम्ही काय खाता?" कोकणातली एक नर्स मुलगी या प्रश्नावर तीन दारांतून परत गेली होती. चौथं दार आमचं. मी विचार करायच्या आत हे म्हणाले, "किल्ली दे तिला." ती कधी सुकट भाजते, वास खाली येतो. हे खिडकी लावून घेतात आणि हरिपाठ चालू ठेवतात. एकादशीला आमची खिचडी वर जाते, रविवारी तिची घावनं खाली येतात.

परदेशी जाणाऱ्यांसाठी दोन-तीन सूचना, कारण मास्तरणीला सूचनांशिवाय थांबता येत नाही. इथिओपियासारख्या देशात जाताना पिवळ्या तापाची लस किमान १० दिवस आधी घ्या. तिचं कार्ड नसेल तर परत येताना विमानतळावर अडवतात. पाणी सीलबंद किंवा उकळलेलं प्या, जेवण गरम असेल तेच घ्या. जे चालत नाही ते हात जोडून, हसून सांगा. कुणी रागावत नाही. आणि बॅगेतलं भडंग जरूर न्या, पण एकट्यानं खोलीत बसून संपवू नका. बाहेर काढा, शेजारच्याला द्या.

समितीपुढं माझी एक विनंती आहे. दरवर्षी रथाच्या आधीच्या रविवारी सोसायटीचं एक जेवण करावं. कॅटरर नको. त्या वर्षी नव्यानं राहायला आलेल्या कुटुंबांनी आपापल्या गावचा एक पदार्थ करावा, आपण भाकरी आणि पिठलं करू. भाडेकरूंना पहिल्या पंगतीला बसवू. यंदाच्या भाकऱ्यांची जबाबदारी मी घेते, थापायला चार हात लागतील, नावं आजच माझ्याकडं द्या.

भजी झालेली दिसतायत. सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!