आधी प्रश्न, मग अभिप्राय
शिक्षकांसाठी अ‍ॅप बनवताना आम्ही सगळ्यात आधी पाच ताऱ्यांचं रेटिंग काढून टाकलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगतं, शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत. पण तास भरले म्हणजे शिकणं होतंच असं नाही. सोबत्याने खरं सांगावं लागतं, आणि साहेब वाचणार असतील तर खरं कोण लिहील?

म्हणून आमच्याकडे आधी शिक्षक प्रश्न टाकतो. समजा, पाचवीच्या बाई विचारतात, ‘अपूर्णांकांच्या बेरजेत मुलं नेमकी कुठे अडतात?’ सहकारी तास पाहून तेवढंच लिहितात. ते कोणाला दाखवायचं, हे बाईच ठरवतात.

अ‍ॅप नसलं तरी चालेल. उद्या शेजारच्या वर्गावरच्या शिक्षकांना एक प्रश्न द्या आणि तुमचा तास बघायला बोलवा.