झाडांचे वैद्य
(व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालय आणि वृक्ष या दोहोंचा एक शत्रू समान आहे, तो म्हणजे वाळवी. शंभर वर्षे पुस्तके सांभाळलेल्या संस्थेला वाळवीचा स्वभाव निराळा सांगावयास नको. ती बाहेरचे आवरण शाबूत ठेवून आतून पोखरते, आणि कपाट उघडावे तेव्हा केवळ पुठ्ठे हाती लागतात. हैदराबादपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, महबूबनगरजवळ असलेल्या पिल्ललमर्री या वटवृक्षावर हाच प्रसंग ओढवला. तेलुगूत 'पिल्ललु' म्हणजे मुले आणि 'मर्री' म्हणजे वड. पारंब्यांच्या लेकरांसह तीन-चार एकरांवर पसरलेला हा लेकुरवाळा वड सुमारे सातशे वर्षांचा मानला जातो. डिसेंबर २०१७ मध्ये त्याची एक मोठी फांदी कोसळली, तेव्हा वाळवीने आत किती घर केले आहे हे ध्यानात आले आणि पर्यटकांना तेथे मज्जाव करण्यात आला.

पुढे जे घडले ते वृक्षांची निगा राखणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावे असे आहे. प्रथम खोडाला भोके पाडून त्यांत वाळवीनाशक ओतून पाहिले. परंतु ते आत न मुरता बाहेर झिरपले. तेव्हा २०१८ साली रुग्णालयातील सलाइनच्या धर्तीवर औषधाच्या शेकडो बाटल्या फांद्यांना टांगण्यात आल्या आणि पातळ केलेले औषध थेंबाथेंबाने आत सोडण्यात आले. कलत्या फांद्यांना खालून आधार दिले. कोवळ्या पारंब्या जमिनीपर्यंत सुखरूप पोहोचाव्यात म्हणून त्यांना नळ्यांतून वाट करून दिली. सलाइनच्या बाटल्यांची छायाचित्रे सर्वत्र झळकली. पण आधार, पारंब्यांची वाट आणि माणसांना दूर ठेवणे हे साधे उपाय तितकेच मोलाचे होते. वृक्षवैद्याचे बहुतेक काम असेच असते. त्यात चमत्कार थोडा आणि चिकाटी फार.

जुन्या झाडासाठी इतका खटाटोप कशाला, असा प्रश्न एखादा व्यवहारी गृहस्थ विचारील. त्याने उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेपाशी जावे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला, तेव्हा सुमारे दीडशे माणसांनी या चिंचेच्या फांद्यांवर आश्रय घेऊन प्राण वाचविले. आजही त्या तारखेला नागरिक तेथे कृतज्ञतेने जमतात. त्या दिवशी फांद्यांनी एवढा भार पेलला तो झाड अभंग होते म्हणून. बुडखा कुजलेला असता किंवा शेंडा तोडून वर नुसते धुमारे माजू दिले असते, तर त्या झाडाने दीडशे माणसांना घेऊन लोळण घेतली असती.

वृक्षचिकित्सेचा विचार आपल्याकडे नवा नाही, आणि त्याच्या पुनरुद्धाराशी या जुळ्या शहरांचा निकटचा संबंध आहे. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' या सुमारे एक हजार वर्षांपूर्वीच्या संस्कृत ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जपून ठेवलेले होते. इक्रिसॅटमध्ये दीर्घकाळ काम केलेले वनस्पतिरोगतज्ज्ञ डॉ. यशवंत नेने यांनी १९९४ साली सिकंदराबादेत एशियन अॅग्री-हिस्टरी फाउंडेशन ही संस्था उभी केली, आणि डॉ. नलिनी साधले यांनी केलेला या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद त्या संस्थेने १९९६ साली प्रसिद्ध केला. एका ग्रंथालयाने पोथी राखली म्हणून ही विद्या पुन्हा हाती आली, हे येथे आवर्जून नमूद करावेसे आहे.

सुरपालाने माणसाप्रमाणेच झाडालाही वात, पित्त आणि कफ लावून रोगांची मांडणी केली. मोडलेल्या झाडाला लेप लावून गवताच्या दोरांनी बांधण्यास सांगितले. किडीसाठी वावडिंग सुचविले. यातील सर्वच आज जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधक अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे यांत्रिक करवतीने उभी चिरून पाहिली आणि एक मूलभूत गोष्ट दाखवून दिली. माणसाची जखम भरते तेव्हा मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येतात. झाडाचे तसे नसते. झाड जखमी भाग भिंती घालून कोंडून टाकते आणि त्याच्या बाहेरून नवे लाकूड वाढविते. जखम आत कायम राहते. म्हणूनच कापल्या जागी डांबर किंवा रंग फासल्याने कूज थांबत नाही. कापताना चूक झाली तर ती लेपाने झाकता येते, सुधारता येत नाही.

तेव्हा या व्यवसायातले खरे कौशल्य कोठे कापावे हे ओळखण्यात आहे. फांदी खोडाला मिळते तेथे सालीचे एक फुगीर कडे असते. कूज रोखणारी शक्ती त्या कड्यात असते. ते कडे छाटून फांदी खोडाशी सपाट केली की झाड उघडे पडते, आणि त्याच्या बाहेर हातभर खुंट राखला तर तो वाळून कुजीला वाट करून देतो. कड्याच्या लगेच बाहेर कापणे हेच योग्य. जड फांदी एका घावात कधीही कापू नये. खोडापासून हातभर अंतरावर प्रथम खालून एक तृतीयांश चीर द्यावी. मग तिच्या थोडे पुढे वरून कापून फांदी उतरवावी. शेवटी उरलेला खुंट कड्याशी काढावा. खालची चीर दिली नाही तर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. कोयत्याच्या घावांनी हे साधत नाही. त्यासाठी धारदार करवत लागते. एका वर्षात हिरव्या पसाऱ्याच्या चौथाईपेक्षा अधिक भाग काढू नये. वृद्ध झाडाचा तर त्याहूनही कमी.

पावसाळ्यापूर्वी तारांखालील झाडांचे शेंडे सरसकट उडविण्याची प्रथा सर्व शहरांत आहे. शेंडा तोडलेले झाड घाबरल्यासारखे दाट धुमारे फेकते. ते धुमारे सालीलगत वरवर चिकटलेले असल्याने तीन-चार वर्षांनी वादळात तेच प्रथम मोडतात. तारांपासून दूर वळणाऱ्या फांद्या राखून आड येणाऱ्या तेवढ्याच मुळापासून काढल्या, तर वेळ थोडा अधिक लागतो, परंतु दरवर्षीचे काम कमी होते.

वर पाहणाऱ्याने खालीही पाहिले पाहिजे. हैदराबादची भूमी ग्रॅनाइटच्या खडकाची. अनेक ठिकाणी मातीचा थर उथळ. मुळे खोल न जाता आडवी पसरतात. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे तर सर्वत्रच वरच्या दीड-दोन फुटांत, पसाऱ्याच्याही बाहेर गेलेली असतात. नळ किंवा केबलसाठी बुंध्यालगत चर खणला, अथवा बुंध्याभोवती गच्च काँक्रीट ओतले, की झाडाचा तोल आणि श्वास दोन्ही हरपतात. असे झाड दोन पावसाळे हिरवे दिसते आणि तिसऱ्यात उन्मळून पडते. दोष मात्र वाऱ्याला दिला जातो. खोड जाड झाल्यावर लोखंडी जाळी वेळेवर काढणे, खिळे न ठोकणे आणि आळ्यात पालापाचोळा राहू देणे, एवढेही पुष्कळ आहे.

संयमाचे महत्त्व २०२१ साली तेलंगणात दिसून आले. कडुनिंबाचे शेंडे ठिकठिकाणी करपू लागले आणि लोक हवालदिल झाले. हा बुरशीमुळे होणारा शेंडेमर रोग होता. रोगट डहाळ्या छाटून नष्ट कराव्यात आणि वाट पाहावी, हाच सल्ला योग्य ठरला. पुष्कळ झाडांना पुन्हा पालवी फुटली. घाईने कुऱ्हाड चालविणाऱ्यांनी मात्र बरी होणारी झाडे गमावली.

आता या कामातील माणसाविषयी. दोर कमरेला बांधून वर चढणारा कामगार बहुधा रोजंदारीवर असतो. त्याच्या सुरक्षेचे नियम साधे आहेत. चढण्यापूर्वी झाडाला एक फेरी घालावी. बुंध्याशी अळंबी, भेगा, ढोली, ताजा कल आणि वर आग्यामोहोळ आहे काय ते पाहावे. विजेच्या तारेच्या दहा फुटांच्या आत काम असेल तर वीज बंद झाल्याची खात्री लाइनमनने जागेवर येऊन द्यावी. निरोपावर विसंबू नये. करवत चालविताना दोन ठिकाणी बांधलेले असावे. खालच्या माणसाने वरच्यावरून नजर हटवू नये आणि फांदीच्या पट्ट्यात कोणालाही येऊ देऊ नये. वारा सुटला की उतरावे. हे नियम पाळावयाचे तर दिवसाला झाडे कमी होतात. मोबदला झाडांच्या संख्येवर ठरत असेल, तर नियम आणि पोट यांत पोटच जिंकणार, हे काम देणाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे.

तेलंगणात २०१५ पासून 'हरित हारम्' योजनेखाली प्रचंड वृक्षारोपण झाले आणि २०२१ साली हैदराबादला 'जागतिक वृक्षनगरी' ही मान्यताही लाभली. ही अभिमानाची गोष्ट होय. तथापि चेवेल्ल्याच्या विजापूर मार्गावरील शेकडो वडांचा प्रश्न रस्तारुंदीकरणामुळे राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, हेही विसरता येत नाही. झाड उचलून दुसरीकडे लावता येते, या समजुतीने अशा वेळी मनाला फार लवकर समाधान मिळते. मोठ्या झाडाचे स्थलांतर ही अखेरची शस्त्रक्रिया होय. त्याची मुळे काही महिने आधीपासून टप्प्याटप्प्याने छाटावी लागतात, मातीचा मोठा गड्डा अखंड उचलावा लागतो आणि पुढे कित्येक महिने पाणी द्यावे लागते. उचलण्याच्या दिवशी छायाचित्रकार येतात. पाणी देण्याच्या दिवशी कोणी येत नाही.

रोप लावणाऱ्याचे नाव फलकावर कोरले जाते. ते झाड पन्नास वर्षे उभे ठेवणाऱ्याचे नाव कोठेही लिहिलेले नसते. ग्रंथालयात पुस्तक देणगी देणाऱ्याची नोंद होते. दर पावसाळ्यात कपाटे उपसून पुस्तके झटकणाऱ्या सेवकामुळे ते पुस्तक पुढच्या पिढीला मिळते. या शतकमहोत्सवात त्या सेवकांचे स्मरण होत असेल, तर त्याच कृतज्ञतेचा थोडा वाटा झाडावर चढलेल्या त्या अनाम माणसालाही मिळावा. आणि त्याला आवश्यक तो दोर, ती करवत व तेवढा वेळ मिळतो की नाही, याची विचारपूस प्रत्येकाने आपल्या गल्लीपासून करावी, एवढीच विनंती.