वादळात मोडलेली खोली कुणाच्या नावावर?

(अंबड इथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं आटोपशीर करून.)

आजचा विषय समुद्राकाठच्या वादळाचा आहे असं सांगितल्यावर काही जणी एकमेकींकडे बघून हसल्या. बरोबर आहे. आपल्याकडचं मोठं पाणी म्हणजे गोदावरी, आणि तीही उन्हाळ्यात कोरडी. पण पंचनामा हा शब्द आपल्याला पाठ आहे. 2012 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा आपण तो ऐकला. 11 फेब्रुवारी 2018 ला गारांनी हरभरा, गहू, मोसंबी झोडपली, तेव्हा ऐकला. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत घरात पाणी शिरलं, तेव्हाही ऐकला. प्रत्येक वेळी कागदावर नाव कुणाचं लिहिलं गेलं, हा माझा आजचा प्रश्न आहे. तो मला कोकणातल्या बायांकडे बघून जास्त स्पष्ट झाला, म्हणून आधी तिकडचं सांगते.

3 जून 2020. 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरुड, आणि खाली रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड-दापोलीची गावं, सगळीकडे काही तासांत होत्याचं नव्हतं झालं. पत्रे उडाले, कौलं फुटली, विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावांनी पुढचे कित्येक दिवस अंधारात काढले. नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. म्हणजे सासूने लावलेलं झाड सुनेच्या डोळ्यांदेखत गेलं, आणि नवं लावलं तर त्याचं उत्पन्न तिची मुलगी लग्नाची होईल तेव्हा.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर आम्ही काही कार्यकर्त्या तिकडे जाऊन राहिलो. मग 2022 मध्ये पुन्हा गेलो. त्या भागात बायांचा एक धंदा आहे, त्याला 'घरगुती निवास-न्याहारी' म्हणतात. घराच्या मागे किंवा वाडीत दोन-चार खोल्या बांधायच्या, मुंबई-पुण्याची माणसं सुटीत येतात, त्यांना राहायला द्यायच्या आणि जेवू घालायचं. दिवेआगरला तर 1997 मध्ये एका बाईच्या वाडीत खणताना सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला, आणि तेव्हापासून लोकांची रीघ लागली. या धंद्यासाठी सरकारी योजनाही आहे.

आता या धंद्यात काम कोण करतं? पहाटे चारला उठून चुलीवर, गॅसवर पाणी तापवायचं. चहा, पोहे, घावणे. दुपारी मासे नाहीतर मोदक, सोलकढी. चादरी धुवायच्या, गाद्या उन्हात टाकायच्या, पाहुण्यांचे संडास साफ करायचे. रात्री अकराला कुणी गरम पोळी मागितली तर तवा पुन्हा ठेवायचा. हे सगळं बाई करते. आणि फाटकावरची पाटी? तिच्यावर नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं नाव. धंदा कुणाचा विचारलं तर बाईच सांगते, "आमच्या यांचा. मी आपली मदत करते." आपल्याकडची बाई नाही का म्हणत, शेत मालकाचं, मी नुसती निंदायला जाते! अठरा तास राबायचं आणि त्याला मदत म्हणायचं.

2020 च्या मार्चपासून टाळेबंदी होती. एप्रिल-मे हा त्या बायांच्या सुगीचा काळ, तोच बुडाला. पाहुण्यांनी आगाऊ पाठवलेले पैसे परत मागायला सुरुवात केली. एका बाईने ते पैसे खोल्यांना रंग द्यायला आणि नव्या गाद्यांना घातले होते. गटाकडून कर्ज काढून तिने एकेकाचे पैसे फेडले. त्यातून सावरते तोच जूनमध्ये वादळ आलं. पत्रे गेले, गाद्या भिजून कुजल्या, फ्रीज गेला, विहिरीत पोफळी पडल्या. आणि कर्ज तिच्या नावावर उभंच. मैत्रिणींनो, एवढं मात्र नीट ऐका. घर नवऱ्याच्या नावावर, पाटी नवऱ्याच्या नावावर, पण कर्ज बायकोच्या नावावर.

मग पंचनामे झाले. सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. राज्य सरकारने त्या वेळी मदतीचे नेहमीचे दर वाढवले. पूर्ण पडलेल्या घराला 95,100 च्या जागी 1,50,000 रुपये, थोड्या पडझडीला 6,000 च्या जागी 15,000, फळबागेला हेक्टरी 18,000 च्या जागी 50,000. पण कोकणातली वाडी हेक्टरात मोजत नाहीत, ती गुंठ्यांत असते. दहा गुंठ्यांत दाटीने पोफळी, नारळ, मिरीचे वेल, जायफळ. हेक्टरी 50,000 म्हणजे दहा गुंठ्यांना साधारण 5,000 रुपये. पडलेली झाडं कापून बाहेर काढायची मजुरीसुद्धा त्यात निघत नाही. लोकांनी ओरड केली, तेव्हा पुढे नारळ-सुपारीला झाडामागे मदत द्यायचा निर्णय झाला. ओरड केल्यावर दर बदलतो, हे आपण लक्षात ठेवायचं.

आता पाहुण्यांच्या खोल्यांचं बघा. आपत्तीच्या मदतीच्या यादीत घर आहे, झोपडी आहे, पीक आहे, गाय-म्हैस आहे, मासेमाराची होडी आणि जाळी आहे. निवास-न्याहारीचा बुडालेला धंदा नाही. मग बायांपुढे पेच पडला. खोल्या धंद्याच्या म्हणाव्यात, तर घराची मदत मिळेल की नाही याची भीती. घराच्याच म्हणाव्यात, तर चार खोल्यांचं छप्पर 'अंशतः पडझड' या दोन शब्दांत संपलं. बुडालेल्या हंगामाचा, कुजलेल्या गाद्यांचा, बाईच्या श्रमांचा रकाना कुठेच नाही. जे काम घरात होतं, ते मोडलं तरी कुणाला दिसत नाही.

एका विधवा बाईची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, कारण तिला त्याच घरात राहायचं आहे. नवरा जाऊन दहा-बारा वर्षं झाली. तिने तीन खोल्या उभ्या केल्या, दोन मुलं शिकवली. उतारा अजून दिराच्या नावावर, दीर मुंबईला. वादळ झालं तेव्हा ती पोरांना घेऊन खाटेखाली बसली होती. पंचनामा झाला तेव्हा सगळं दाखवायला तीच होती. मदत मात्र उताऱ्यावरच्या नावाच्या खात्यात गेली, मुंबईला. दिराने त्यातले काही पाठवले. ती मला म्हणाली, "भावजी वाईट नाहीत हो." असतीलही ते चांगले. पण आपल्या डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याच्या चांगुलपणावर का उभं असावं? 2021 च्या मे महिन्यात 'तौक्ते' वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा तिचे नुकतेच बसवलेले पत्रे पुन्हा उचकटले. पुन्हा पंचनामा, पुन्हा तेच नाव.

आता ही गोष्ट अंबड-घनसावंगीला आणा. आपल्या कितीतरी बाया दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत ऊसतोडीला बाहेर असतात. फेब्रुवारीत गारा पडल्या तर घर दाखवायलाच कुणी नाही. जी गावात राहिली तिचं नाव सातबाऱ्यावर नाही. ई-पीक पाहणी आली, शेतकरी ओळख क्रमांक आला, पण तेही खातेदाराला. सरकी टोचणारी, कापूस वेचणारी बाई खातेदार नाही, म्हणून ती शेतकरीही नाही. नवऱ्याने आत्महत्या केली, तर आपल्याकडच्या बाईला पहिला प्रश्न हाच येतो की जमीन कुणाच्या नावावर.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. 2005 मध्ये तो देशभर झाला. निसर्ग वादळानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट 2020 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 2005 मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. विधवेला नवऱ्याच्या हिश्शात वारसा आहेच. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायकोच्या नावावर जमीन करायला गावंच्या गावं तयार केली, त्यालाही तीसहून अधिक वर्षं झाली. ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात. मग अडतं कुठे? आपण हक्कसोडपत्रावर सही करतो तिथे. "भावाचं तोंड कसं बघू?" म्हणून आपण माहेर सोडतो आणि "घरात भांडण नको" म्हणून सासरी गप्प बसतो. भांडण टाळायचं काम नेहमी बाईच्याच वाट्याला का, याचाही एकदा विचार करा.

कोकणात काही बाया आता वेगळ्या वागायला लागल्या आहेत. 2022 मध्ये आम्ही गेलो तेव्हा एका गावात सहा-सात जणींनी एकत्र बसून काही गोष्टी ठरवल्या होत्या. कुणी दर पाडायचा नाही. एकीच्या खोल्या मोडल्या तर तिचे पाहुणे दुसरीने घ्यायचे आणि कमाई वाटून घ्यायची. पाहुण्यांची वही स्वतःच्या अक्षरात लिहायची. आगाऊ पैसे स्वतःच्या खात्यावर घ्यायचे. त्या वहीमुळे त्यांच्या घरात पहिल्यांदा दिसलं की वर्षाचं अर्धं उत्पन्न बाईच्या हातचं आहे. एकीच्या नवऱ्याने वही बघून स्वतःहून तिचं नाव उताऱ्यावर चढवलं. सगळे नवरे असे नसतात. दुसरीला त्यासाठी वर्षभर भांडावं लागलं, पण नाव लागलं. 2023 मध्ये राज्याने 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं. बाईच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात त्यात सवलत आहे. ती घ्यायची तर मालकी बाईची लागते, नुसतं राबणं पुरत नाही.

तर आज घरी जाताना चार कामं घेऊन जा. पहिलं, ग्रामपंचायतीतून घराचा नमुना 8 चा उतारा काढा आणि नाव बघा. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नाही, पण पडझडीनंतर बहुतेक वेळा तोच मागतात. दुसरं, ज्या विधवा आहेत त्यांनी वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं पावसात वाहून जातं. तिसरं, शिलाई, शेळ्या, दूध, पापड, काहीही असो, कमाईची वही लिहा. चौथं, ज्या ऊसतोडीला जातात त्यांनी निघण्याआधी घराचे फोटो काढून गटाकडे ठेवावेत, आणि मागे राहणाऱ्या दोघींनी पंचनाम्याच्या वेळी हजर राहायची जबाबदारी घ्यावी. पंचनाम्यावर पंच म्हणून बाईचीही सही चालते.

वादळ येताना उतारा बघत नाही. गारा खातेदाराच्याच अंगणात पडत नाहीत. पण नंतरची मदत, कर्ज, नवं छप्पर हे सगळं कागदावर चालतं. पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घराचा उतारा बरोबर आणायचा. ज्यांना काढायला अडचण येईल, त्यांच्याबरोबर आम्ही ग्रामपंचायतीत येऊ. त्या बैठकीत आपण सगळ्या उताऱ्यांवरची नावं मोठ्याने वाचू आणि त्यातली किती बायांची आहेत ते मोजू.