बिनतारी माऊस : सोय किती, जोखीम किती?

(कोपरगाव येथे ग्रामपंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी व शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोदावरीच्या काठी वसलेल्या या गावात बोलण्याची संधी मिळाली, की वक्त्याने उसाबद्दल बोलावे, कालव्याच्या पाण्याबद्दल बोलावे किंवा सहकाराबद्दल बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. मी मात्र आज आपणांपुढे मुठीत मावणाऱ्या एका वस्तूबद्दल बोलणार आहे. संगणकाचा माऊस, आणि त्यातही तारेवाचून चालणारा बिनतारी माऊस, हा माझा विषय आहे. मी कलाशाखेचा पदवीधर; यंत्रशास्त्रात मला फारशी गती नाही. परंतु शासनाची माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे ज्याचे काम, त्याला ती कोठे अडते याचाही विचार करावा लागतो.

ही वस्तू क्षुल्लक नाही, हे मला एका प्रसंगाने कळले. काही वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील ग्रामपंचायत कार्यालयात बसलो होतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. ते कोणतेही गाव असू शकले असते. एक शेतमजूर बाई मुलीच्या प्रवेशासाठी रहिवासी दाखला नेण्यास आल्या होत्या. त्यासाठी त्यांनी त्या दिवसाचा रोज बुडविला होता. वीज होती, इंटरनेट चालू होते, प्रिंटरमध्ये कागद होता, संगणकचालकही जागेवर होता. परंतु माऊसमधील सेल संपला होता आणि गावातील दुकानात त्या मापाचा सेल नव्हता. चालकाने माऊस दोन-तीनदा टेबलावर आपटला, सेल काढून तळहातावर चोळला आणि अखेर म्हणाला, "मावशी, उद्या या." बाई काही बोलल्या नाहीत. पिशवी उचलून त्या निघून गेल्या.

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम लागू आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आहे. अधिनियमाच्या कोणत्याही कलमात माऊसच्या सेलचा उल्लेख नाही. पण त्या दिवशी एका नागरिकाचे काम त्या सेलपाशीच अडले. तेव्हापासून मी या वस्तूकडे अधिक लक्षपूर्वक पाहू लागलो.

माऊसचा जन्म अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत झाला. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला नमुना तयार केला. तो एक लाकडी ठोकळा होता. त्याच्या पोटाशी एकमेकांस काटकोनात बसविलेली दोन चाके होती आणि वर एक बटण होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले आणि १९७० साली त्यास पेटंट मिळाले. ठोकळ्यातून निघणारी तार शेपटीसारखी दिसे, म्हणून त्यास माऊस हे नाव पडले. आपल्याकडे गणरायाने उंदरास वाहन केले. पलीकडे विज्ञानाने त्यास संगणकाचा सारथी केले, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १९९१ साली लॉजिटेक या कंपनीने रेडिओलहरींवर चालणारा माऊस बाजारात आणला, आणि उंदराचे शेपूट नाहीसे झाले.

आजच्या माऊसच्या पोटात चाके नसतात. तेथे एक लहान दिवा आणि प्रकाश ओळखणारा घटक असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाची सूक्ष्म चित्रे अत्यंत वेगाने टिपतो आणि एका चित्रावरून दुसऱ्या चित्रापर्यंत माऊस किती सरकला याचा हिशेब करतो. तारेचा माऊस ही खबर तारेतून संगणकास कळवितो आणि त्याच तारेतून ५ व्होल्टची वीज घेतो; त्यास सेल लागत नाही. बिनतारी माऊस तीच खबर साधारण २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींनी पाठवितो, आणि संगणकास लावलेला नखाएवढा रिसीव्हर ती ग्रहण करतो. संगणकात ब्लूटूथची सोय असेल, तर त्यावर चालणाऱ्या माऊसला वेगळा रिसीव्हर लागत नाही. एके काळी घरातील रेडिओसाठी टपाल कचेरीत परवाना शुल्क भरावे लागत असे, हे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. या माऊससाठी तसा परवाना लागत नाही, कारण २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या साधनांना केंद्र शासनाने २००५ च्या अधिसूचनेद्वारे परवान्यातून सूट दिली आहे.

आता प्रथम गुणांचा विचार करू. ग्रामपंचायतीच्या टेबलावर संगणक, प्रिंटर, बोटांचे ठसे घेण्याचे यंत्र, कळफलक आणि फायली यांची दाटी असते. त्यात एक तार कमी झाली, तर काम सुटसुटीत होते. तार सतत वाकून आतून तुटते आणि माऊस निकामी होतो. बिनतारी माऊसला तो दोष नाही. शिवाय ज्या कार्यालयाच्या मागे धान्याचे गोदाम किंवा उसाचे शेत आहे, तेथे खऱ्याखुऱ्या उंदरांनी या यांत्रिक उंदराचे शेपूट कुरतडणे ही काही अशक्य कोटीतील गोष्ट नव्हे. ग्रामसभेत भिंतीवर हिशेब दाखवावयाचा असेल, तर बोलणाऱ्यास संगणकाला खिळून बसावे लागत नाही. लोकांमध्ये उभे राहून तो पडद्यावरील पान उलटू शकतो.

परंतु सर्वात मोठा लाभ मला शाळेत दिसतो. एका संगणकाभोवती पाच-सहा मुले बसली, की माऊस बहुधा एकाच धीट मुलाच्या हाती राहतो आणि बाकीची मुले केवळ प्रेक्षक होतात. हा अनुभव आपणां शिक्षकांना नवा नाही. बंगळूर येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील संशोधकांनी २००६ च्या सुमारास याच प्रश्नावर प्रयोग केले. एकाच संगणकाला अनेक माऊस जोडून त्यांनी प्रत्येक मुलाच्या हाती एक माऊस दिला, पडद्यावर प्रत्येकाचा बाण वेगळ्या रंगाचा ठेवला, आणि मुलांचा सहभाग वाढल्याचे त्यांना दिसून आले. आपल्या शाळेत तशी व्यवस्था नसेल, तरी एक बिनतारी माऊस बाकावरून बाकावर फिरविता येतो. भिंतीवरील नकाशात गोदावरीचा उगम दाखविण्यासाठी शेवटच्या बाकावरील मुलीला पुढे यावे लागत नाही. माऊसच तिच्यापाशी जातो. ज्या मुलीने आजवर कधी हात वर केला नाही, तिच्या हाती तो गेला, तर त्याची किंमत वसूल झाली असे मी समजेन.

आता दोषांकडे वळू. पहिला दोष सेलचा. सेल काही महिने किंवा वर्षभर टिकतो आणि नंतर संपतो. बहुधा नेमका गर्दीच्या दिवशी संपतो. दुसरा दोष रिसीव्हरचा. तो इतका लहान असतो, की टेबल झाडताना केरात जातो, आणि तो गेला की अनेक बनावटींत चांगला माऊसही निरुपयोगी ठरतो. तिसरा दोष लहरींच्या गर्दीचा. वायफाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात काम करतात, आणि यूएसबी ३.० प्रकारच्या जोडणीतूनही या पट्ट्यात गोंगाट निर्माण होतो. अशा जोडणीच्या अगदी शेजारी रिसीव्हर लावला, तर पडद्यावरील बाण अडखळतो. तो दूरच्या बाजूस लावला म्हणजे बहुधा भागते. चौथा दोष खर्चाचा. बिनतारी माऊस साध्या माऊसहून सर्वसाधारणपणे महाग पडतो, आणि सेलचा खर्च पुढे चालूच राहतो. वापरलेले सेल कार्यालयामागील उकिरड्यावर टाकणे हेही योग्य नाही. बॅटरी आणि ई-कचरा या दोहोंसाठी केंद्र शासनाचे २०२२ चे नियम आहेत. असे सेल व बिघडलेले माऊस वेगळे साठवून अधिकृत संकलकाकडेच दिले पाहिजेत.

पाचवा दोष मात्र अधिक गंभीर आहे आणि तो सार्वजनिक पैशाशी निगडित आहे. २०१६ साली अमेरिकेतील बॅस्टिल या संस्थेच्या संशोधकांनी 'माऊसजॅक' या नावाने एक उणीव उघड केली. सात नामांकित कंपन्यांच्या काही बिनतारी माऊस व कळफलकांत ती आढळली. कळफलकाचे संदेश सांकेतिक स्वरूपात जात. माऊसचे संदेश मात्र उघडे जात. माऊसने पाठविलेली खबर चोरून कोणाला काय मिळणार, असा त्यामागे विचार असावा. परंतु काही रिसीव्हर माऊसच्या नावाने आलेली कळफलकाची आज्ञाही स्वीकारीत. त्यामुळे सुमारे १०० मीटरपर्यंतच्या अंतरावरून, स्वस्त यंत्राच्या साह्याने, परक्या माणसास आपल्या संगणकावर जणू टंकलेखन करता येत होते. ब्लूटूथवर चालणाऱ्या माऊसमध्ये ही विशिष्ट उणीव नव्हती. काही कंपन्यांनी पुढे सुधारणाही केल्या. पण कार्यालयाच्या खणात पडलेला जुना माऊस कोणत्या काळातला आहे, हे कोण पाहतो?

वित्त आयोगाच्या निधीतील देयके आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीने ऑनलाइन अदा केली जातात. या स्वाक्षरीची किल्ली म्हणजे संगणकास लावावयाचे टोकन. त्यास पासवर्डचे संरक्षण असते हे खरे, आणि आपल्या गावात असा घाला पडेलच असे म्हणून मी कोणास घाबरवू इच्छित नाही. पण टोकन दिवसभर संगणकास लावलेले, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटविलेला, आणि संगणक उघडा ठेवून सर्वजण चहाला गेलेले, अशी स्थिती असेल, तर माऊसला तार आहे की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो. येथे मी भगिनींना उद्देशून विशेष सांगतो. महाराष्ट्रात पंचायतींमधील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सरपंचताई, आपल्या स्वाक्षरीचे टोकन आपल्या पर्समध्ये आहे, की घरातील दुसऱ्या कोणाच्या खिशात, की संगणकचालकाच्या खणात? ज्याच्या हाती टोकन आणि माऊस, त्याच्या हाती गावाचा खर्च, हे विसरून चालणार नाही.

मग घ्यावा कोणता? माझे मत असे, की जेथे लोक रांगेत उभे राहतात, त्या दाखल्यांच्या टेबलावर तारेचा माऊस असावा. ज्या संगणकावरून देयके अदा होतात, तेथे माऊस व कळफलक दोन्ही तारेचेच असावेत आणि काम संपताच टोकन काढून घ्यावे. वर्गखोलीत, ग्रामसभेत आणि प्रशिक्षणात बिनतारी माऊस खुशाल वापरावा. तो घेताना आतील रिसीव्हर ठेवण्याची खोबण पाहून घ्यावी, बंद करण्याची कळ आहे ना हे पाहावे, आणि शाळा सुटताना ती कळ बंद करण्याचे काम एखाद्या विद्यार्थ्याकडे सोपवावे. प्रत्येक कार्यालयाच्या कपाटात तारेचा एक जादा माऊस आणि सेलची एक जोडी असावी. जडवस्तू नोंदवहीत माऊसची नोंद आपण करतोच; सेल बदलल्याची तारीखही एखाद्या कोपऱ्यात लिहिली, तर पुढचा सेल कधी लागेल याचा अंदाज येईल.

आणखी एक गोष्ट. विंडोज प्रणालीच्या संगणकावर डावीकडील आल्ट, डावीकडील शिफ्ट आणि नम लॉक या तीन कळा एकदम दाबल्या, की संगणक परवानगी विचारतो. एंटर दाबून होकार दिला, म्हणजे उजवीकडील आकड्यांच्या कळांनी पडद्यावरचा बाण हलविता येतो. पाचची कळ दाबली की क्लिक होते. काम सावकाश होते, पण होते. त्या दिवशी त्या चालकास एवढे ठाऊक असते, तर त्या बाई दाखला घेऊनच घरी गेल्या असत्या. ते मलाही ठाऊक नव्हते. पदवीधर असून मी शेजारी नुसता बसून होतो, याची खंत आजही वाटते.

आपल्या या कोपरगावच्या बेटावर गुरू शुक्राचार्यांचे मंदिर आहे. कचाची कथा येथील लहान मुलासही ठाऊक असते. संजीवनी विद्या एकट्या शुक्राचार्यांपाशी होती. कच त्यांच्या उदरात अडकला, तेव्हा त्यास जिवंत बाहेर काढावयाचे तर गुरूचे प्राण जाणार, असा पेच पडला. ती विद्या कचासही शिकविली, तेव्हाच तो सुटला. शिष्य बाहेर आला आणि त्याने गुरूस पुन्हा उठविले. विद्या दुसऱ्यास येत होती, म्हणून गुरू वाचले. आपल्या कार्यालयातील आणि शाळेतील संगणकाची विद्याही एकट्या चालकापाशी ठेवू नका. ती आणखी एकास, शक्य तर चौघांस शिकवा. मग सेल संपला, रिसीव्हर हरवला किंवा चालक रजेवर गेला, तरी दारात आलेल्या माणसास "उद्या या" असे सांगावे लागणार नाही.